सायलेन्सर बदलला आणि गाडी स्टार्ट होईना

रविवारी सकाळी सात-सव्वासातला ताईचा फोन आला. "अरे, ह्याची गाडी सुरूच होत नाहीये. काल रात्री तर व्यवस्थित घेऊन आला होता." भाच्याने शनिवारी आपल्या पेट्रोल हॅचबॅकला मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून घेतला होता. पुढच्या मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनला जोडलेल्या धुराच्या नळ्यांपासून, मागच्या नळीपर्यंत सगळं नवीन. मल्टिमीटर आणि छोटा स्कॅनर पिशवीत टाकून मी वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातून कारेलीबागेत पोचलो, तेव्हा सोसायटीतली चार माणसं धक्का मारायच्या तयारीत होती आणि प्रत्येकाचं निदान ठरलेलं होतं. एक म्हणाले, बॅक प्रेशर (धुराला सायलेन्सरमधून होणारा अडथळा) गेलं, आता इंजिन पकडणार नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, सेन्सर काढला असणार. तिसऱ्यांना वाटत होतं की वेल्डिंगमध्ये गाडीचा कॉम्प्युटर उडाला.

धक्का मी आधी थांबवला. न पेटलेलं पेट्रोल इंजिनातून तसंच पुढे जाऊन सायलेन्सरमध्ये साठलं आणि मग एकदम पेटलं, तर आत स्फोट होतो. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, असेल तर त्याची जाळी अशा वेळी वितळू किंवा फुटू शकते. शिवाय ठिणगी नाही की पेट्रोल नाही, हेच माहीत नसताना धक्का मारून कळणार काहीच नसतं.

गाड्यांच्या वायरिंगचं काम मी तीस वर्षं करतो आहे. सायलेन्सरच्या कामानंतर बंद पडलेल्या गाड्या दरवर्षी दोन-चार तरी येतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मालकाचा संशय चुकीच्या जागी असतो. त्याचं लक्ष नव्या नळीवर असतं. बिघाड बहुतेकदा ती नळी बसवताना ज्या वायरीला, ज्या बोल्टला, ज्या पट्टीला हात लागला तिथे असतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी बॅक प्रेशरचं. इंजिन सुरू व्हायला सायलेन्सर लागत नाही. गंजून मधेच तुटलेला सायलेन्सर रस्त्यावर घासत नेणारी गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती गल्ली दणाणून सोडते, पण चावी फिरवली की सुरू होते. इंजिनला लागतं ते एवढंच: सेल्फने, म्हणजे स्टार्टर मोटरने, पुरेशा वेगात फिरवणं, सिलिंडरमध्ये दाब, योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, आणि योग्य क्षणी ठिणगी. जळालेला धूर बाहेर पडायला वाट मोकळी असली की झालं. वाट जास्त मोकळी झाली म्हणून इंजिन सुरू होत नाही, असं होत नाही. वाट पूर्ण बंद झाली तर मात्र होतं, त्याकडे नंतर येतो.

सेन्सरचंही तसंच. मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगेच पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो सांगतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे प्रमाण राखायची ती धडपड असते. पण हा सेन्सर तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. पहाटे थंड गाडीत त्याच्याकडून काहीच माहिती मिळत नसते, म्हणून स्टार्ट होताना ईसीयू त्याला विचारतच नाही. पाण्याचं तापमान, हवेचा दाब असल्या गोष्टींवरून ठरलेल्या मापाने पेट्रोल सोडतो. याचा अर्थ ऑक्सिजन सेन्सर मेला, काढून टाकला किंवा चुकीच्या जागी बसवला, तरी गाडी स्टार्ट व्हायला हवी. चेक इंजिनचा दिवा लागेल, पेट्रोल जास्त खाईल, आयडलिंग बिघडेल, पण सुरू होईल. हे वाक्य लक्षात ठेवा. भाच्याच्या गाडीत पुढे त्याचाच उपयोग झाला आणि त्याच सेन्सरने फसवलंही.

मी भाच्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, "चावी फक्त ऑनपर्यंत ने. सेल्फ मारू नको."

"मामा, बॉनेट उघडू का?"

"नको. आधी ऐकू."

चावी ऑन केली की बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घुंऽऽ ऐकू येतं. तो टाकीतला पंप. पेट्रोलच्या नळीत दाब भरून तो थांबतो. त्याच वेळी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा. इंजिन बंद असताना तो लागणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे, कारण ईसीयूला वीज मिळते आहे असा त्याचा अर्थ. चावी ऑन करूनही तो दिवा अंधारातच राहिला, तर ईसीयूचा फ्यूज, मेन रिले किंवा अर्थ बघायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही. अशा गाड्यांत काही वेळा सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा एक-दोन सेकंद सुरू होऊन विझतं. दुसरी चावी लावून बघायची.

भाच्याच्या गाडीत पंप वाजला आणि चेक इंजिनचा दिवाही लागला. मग सेल्फ मारायला सांगितला. इंजिन नेहमीच्या वेगात, एका लयीत फिरलं. कुठे अडखळणं नाही, पण पकडलं नाही.

इथे वाट दुभंगते आणि घाई करणाऱ्यांचं चुकतं ते इथेच. "गाडी स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे आजार असतात. एकात सेल्फ इंजिनला फिरवतच नाही. दुसऱ्यात इंजिन फिरतं पण पेटत नाही. पहिला आजार बॅटरी, सेल्फ आणि अर्थ यांचा. दुसरा ठिणगी, पेट्रोल किंवा तुंबलेल्या सायलेन्सरचा. भाच्याची गाडी दुसऱ्या गटातली होती. पण सायलेन्सरच्या कामानंतर पहिला गटही भरपूर दिसतो, म्हणून आधी तो उरकतो.

सेल्फ फिरत नसेल तर तो कसा फिरत नाही ते ऐका. टक्-टक्-टक्-टक् अशी भरभर टकटक आली तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. वेल्डिंगच्या आधी मिस्त्री बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो, काढायलाच हवी, आणि परत लावताना बोल्ट हातानेच फिरवून सोडून देतो. एकच जाड "ठक्" येऊन शांतता झाली तर सेल्फपर्यंत हुकूम पोचला, पण ताकद पोचली नाही, किंवा सेल्फच अडकला आहे. काहीच आवाज नाही तर हुकूमच पोचला नाही. सेल्फवर एक जाड वायर असते आणि एक बारीक. बारीक वायर हुकमाची. काही गाड्यांत सेल्फ मॅनिफोल्डच्या अगदी खाली असतो, मॅनिफोल्ड उतरवताना ती बारीक वायर काढावी लागते आणि कधी कधी परत लावायची राहून जाते. तिथे जाऊन बोटाने चाचपली तरी कळतं.

बॅटरी मोजायची तर गाडी काही तास उभी असताना मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेली तर उतरलेली. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटर बघा. फिरवताना आकडा साडेनऊच्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरीत जोर नाही. आकडा बारावरच खिळून राहिला आणि सेल्फ मात्र गप्प, तर बॅटरी दमलेली नाही. वीज तिच्यातून बाहेरच निघत नाहीये.

आता अर्थ. गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला आणि इंजिनला जाड वायरीने किंवा विणलेल्या पट्टीने जोडलेलं असतं. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, सायलेन्सरही रबरावर टांगलेला, म्हणजे बॉडीपासून दोन्ही सुटे. त्या पट्टीखेरीज विजेला परत यायला नीट वाट नसते. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढू शकतो आणि तो सगळा याच पट्टीतून परततो. पट्टी बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बोल्टवर असते. जागा करायला मिस्त्रीने तो बोल्ट काढला आणि पट्टी परत लावली नाही, किंवा रंगावर, गंजावर बसवली, की सेल्फ गेला. जुन्या गाड्यांत तर अशा वेळी करंट क्लच केबलमधून वाट शोधतो आणि केबल तापून तिच्यातून धूर निघालेला मी पाहिला आहे.

ही तपासणी मल्टिमीटरने एका मिनिटाची आहे आणि ज्याच्याकडे मीटर आहे त्याने ती करायलाच हवी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा. क्लँपवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर. दुसरी काडी इंजिनच्या स्वच्छ, बिनरंगाच्या धातूवर. आता सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास राहिला तर अर्थ ठीक. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर वाटेत अडथळा आहे. खात्री करायला जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावा. सेल्फ झटक्यात फिरला तर पट्टी सापडली.

याच तपासणीने मागे समा भागातली एक गाडी उलगडली. तिचा मालक सायलेन्सरवाल्याशी भांडून माझ्याकडे आला होता. काम झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सेल्फ मेला, तेव्हा दोष त्याचाच, असं त्याने धरून ठेवलं होतं. मीटरवर दीड व्होल्ट. पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता. पट्टीचं टोक कापलं तर आतल्या तारा हिरव्या भुकटीसारख्या झालेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ती गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. बाहेरून धुऊन-पुसून चकचकीत केली, पण तांबं आतून सडत राहिलं. सायलेन्सरवाल्याचा हात फक्त शेवटचा लागला होता. वडोदऱ्यात पुराचं पाणी पाहिलेल्या गाड्या खूप आहेत, तेव्हा कामानंतर बिघडलं म्हणजे कामामुळेच बिघडलं, असं लगेच म्हणू नका.

एक गोष्ट मात्र खास या कामाची आहे. गाडी थंड असताना सेल्फ उत्तम, पण अर्धा तास चालवून पाच मिनिटं थांबवली की मरतो, थंड झाली की पुन्हा जिवंत. मूळ मॅनिफोल्डवर पत्र्याचं उष्णतारोधक आवरण असतं. नव्या हेडरवर (बाहेरून बसवलेल्या मॅनिफोल्डवर) ते नसतं, किंवा बसत नाही म्हणून फेकून देतात. मग तापलेली नळी सेल्फला शेकत राहते. इथे सेल्फ बदलून काही होत नाही. आवरण लावावं लागतं.

आता कारेलीबागेत परत येतो. इंजिन फिरतंय, पेटत नाही.

सेल्फ सारखा मारत राहू नका, हे आधी. एका वेळी पाच-सात सेकंद, मग निदान अर्धा मिनिट थांबा. सेल्फही जळतो आणि प्लगही पेट्रोलने भिजतात. प्लग भिजलेच असतील, पेट्रोलचा वास येत असेल, तर बहुतेक इंजेक्शन गाड्यांत एक सोय आहे: ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरायचा आणि मग सेल्फ मारायचा. ईसीयू तेव्हा पेट्रोल सोडत नाही, फक्त हवा जाते आणि सिलिंडर सुकतात.

मी स्कॅनर लावला. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात तो बसतो आणि मोबाइलवर आकडे दिसतात. सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघायचा. दोनशेच्या आसपास काहीतरी दिसलं म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत आहे. इंजिन फिरत असूनही शून्यच दाखवत असेल तर थांबा, कारण उत्तर बहुधा तिथेच आहे. इंजिन कुठल्या क्षणी कुठल्या स्थितीत आहे हे ईसीयूला क्रँक सेन्सरकडून कळतं. ते कळलं नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. हा सेन्सर पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सच्या तोंडाशी असतो आणि त्याची वायर खालून, सायलेन्सरच्या नळीच्या शेजारून जाते. स्कॅनरवर बिघाडाचा कोड बहुतेक पी ०३३५ येतो. वायर ओढली गेली आहे का, कनेक्टर "टक्" होऊन बसला आहे का, हे बघायचं.

भाच्याच्या गाडीत दोनशे वीस आरपीएम दिसलं. मग प्लगला ठिणगीची वीज देणारी एक कॉइल काढून स्पार्क टेस्टर लावला, ठिणगी निळी आणि जोरदार. (ही तपासणी पेट्रोलचा वास येत असताना करू नका आणि कॉइल हातात धरून तर कधीच करू नका.) प्लग काढून पाहिला. एवढा वेळ सेल्फ मारूनही तो कोरडा ठणठणीत होता.

पंप वाजतो, ठिणगी आहे, प्लग कोरडा. म्हणजे नळीपर्यंत पेट्रोल येतं, पण ते इंजिनात फवारणारे इंजेक्टर उघडत नाहीत. इंजेक्टरला दोन वायरी असतात. एकीवर कायम १२ व्होल्ट येतात, दुसरी ईसीयूकडे जाते आणि ईसीयू तिला क्षणभर अर्थ देऊन इंजेक्टर उघडतो. कनेक्टर काढून, चावी ऑन करून मीटर लावला. दोन्ही पिनांवर शून्य. दुसऱ्या इंजेक्टरवर शून्य, तिसऱ्यावर शून्य. चारही इंजेक्टर एकाच रात्रीत मरत नाहीत. त्यांना वीज देणारी एकच वाट तुटली असणार.

बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधला निळा, १५ अँपिअरचा फ्यूज मी काढला आणि उजेडात धरला. आतली इंग्रजी यूच्या आकाराची तार मधोमध तुटलेली, प्लास्टिकवर काळा डाग. भाचा खूश झाला. "म्हणजे फ्यूजच ना? गाडीत एक्स्ट्रा आहे."

नवा लावला. चावी ऑन केली, तोही त्याच क्षणी उडाला.

इथे बरेच जण २० किंवा ३० अँपिअरचा लावतात. कृपा करून लावू नका. फ्यूज उडतो म्हणजे पुढे कुठेतरी वीज मधल्या मधे बॉडीला भिडते आहे आणि फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवतो आहे. मोठा फ्यूज लावला की वितळायची पाळी वायरीवर येते आणि त्या वायरी पेट्रोलच्या नळीच्या शेजारून गेलेल्या असतात. गाडी पेटते ती अशी.

मग प्रश्न असा की त्या फ्यूजवर इंजेक्टरशिवाय आणखी काय आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो आणि स्कॅनरमध्ये कोड होते. इंजेक्टरच्या सर्किटचे चार आणि त्यांच्या सोबत पी ०१३५, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. ऑक्सिजन सेन्सर लवकर तापावा म्हणून त्याच्या आत एक छोटा हीटर असतो. पुष्कळ गाड्यांत त्या हीटरला आणि इंजेक्टरला एकाच फ्यूजवरून वीज जाते. सेन्सरच्या चार वायरी असतात, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन हीटरच्या.

टॉर्च घेऊन हेडरच्या मागे वाकलो आणि दिसलं. जुन्या मॅनिफोल्डवर सेन्सर वरच्या बाजूला होता, नव्या हेडरवर त्याची जागा बाजूला आणि खाली. वायर मोजकीच लांब, जुन्या क्लिपमधून काढून तशीच सोडलेली, आणि ती तिसऱ्या नळीवर आडवी पडलेली. धातूवर वेष्टणाचा काळा ओघळ सुकून चिकटला होता, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्यात तांब्याच्या तीन-चार तारा चमकत होत्या. जोरात चालवलेल्या पेट्रोल गाडीचा मॅनिफोल्ड सहाशे-सातशे अंशांपर्यंत जातो. साधं वायरीचं प्लास्टिक शंभरच्या थोडं वर गेलं की मऊ पडतं. रात्री घरी येईपर्यंत ते वितळलं होतं, पण तांबं अजून धातूला लागलं नव्हतं. गाडी थंड होताना ते आक्रसलं, वायर बसली, आणि सकाळी चावी ऑन करताच फ्यूज गेला. म्हणून रात्री गाडी धावत घरी आली आणि सकाळी स्टार्ट झाली नाही.

मी सेन्सरचा कनेक्टर काढून बाजूला ठेवला. तिसरा निळा फ्यूज लावला, तो टिकला. भाच्याने सेल्फ मारला आणि पहिल्याच फिरकीत इंजिनने पकडलं. सेन्सर पूर्ण सुटा असताना. त्याच्या कमी-जास्त मोजण्याचा स्टार्ट होण्याशी संबंध नव्हता. त्याच्या एका वायरीने चारही इंजेक्टर उपाशी ठेवले होते.

पी ०१३५ बघून माणूस नवा सेन्सर आणून बसवतो, हजारो रुपये घालवतो, आणि नव्या सेन्सरची वायर पुन्हा त्याच नळीवर पडते. आमचा सेन्सर शाबूत होता. हीटरचा रेझिस्टन्स मोजला, सात ओहमच्या आसपास, म्हणजे ठीक. जळलेला तुकडा कापून वायर क्रिंप करून जोडली. इथे सोल्डर करू नये. बऱ्याच ऑक्सिजन सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरीच्या तारांमधल्या फटीतून आत जाते. सोल्डरने ती वाट बुजते आणि सेन्सर खोटं बोलू लागतो. वर काचधाग्याचं आवरण चढवलं आणि वायर नळीपासून वीतभर लांब, धातूच्या क्लिपने बॉडीला बांधली. प्लास्टिकची झिप टाय तिथे टिकत नाही, पहिल्याच लांबच्या प्रवासात गळून पडते.

आता तुंबलेल्या सायलेन्सरचं, कारण सायलेन्सर खरंच दोषी असतो तो बहुतेक या एका बाबतीत. वेल्डिंगच्या ठिणग्या आत जाऊ नयेत म्हणून नळीत कोंबलेला फडका तसाच राहतो. जुन्या कन्व्हर्टरची चिनी मातीसारखी जाळी हातोड्याने फुटते आणि तुकडे पुढे सरकून मफलरच्या तोंडाशी अडकतात. दोन फ्लँजमधल्या गॅस्केटला भोकच पाडलेलं नसतं, हेही एकदा पाहिलं आहे. भरलेली घागर रिकामी केल्याशिवाय तिच्यात नवं पाणी मावत नाही. सिलिंडरमधला जुना धूर बाहेर गेला नाही तर नवी हवा आणि पेट्रोल आत येणार कुठून? अशी गाडी सेल्फवर फिरते, एखादा धक्का खाते, क्षणभर पकडते आणि गुदमरून विझते.

ओळखायला वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी पुरते. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने पट्टी मागच्या नळीसमोर धरायची. ती फडफड उडायला हवी. निर्जीव लोंबत राहिली तर इंजिन थंड असताना पुढचा ऑक्सिजन सेन्सर पान्याने काढा किंवा पुढच्या फ्लँजचे बोल्ट थोडे सैल करा आणि पुन्हा सेल्फ मारा. प्रचंड आवाजात का होईना, सुरू झाली, तर नळी कुठेतरी बंद आहे. हे मोकळ्या जागेत करा. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गळक्या सायलेन्सरची गाडी सुरू ठेवणं जिवावर बेततं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरू नका.

वेल्डिंगने ईसीयू उडतो का? उडू शकतो, पण फार क्वचित. बॅटरी न काढता आणि वेल्डिंगचा अर्थ क्लँप लांब कुठेतरी लावून काम केलं तर शेकडो अँपिअरचा करंट नको त्या वाटेने फिरतो. क्लँप वेल्डिंगच्या शेजारीच लावायचा असतो. ईसीयू हा शेवटचा संशयित. फ्यूज, रिले, अर्थ, कनेक्टर आणि वितळलेली वायर या पाचही गोष्टी बघितल्याशिवाय कोणी ईसीयू बदलायला सांगत असेल तर दुसरीकडे जा. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पेट्रोल बंद करणारा स्विच असतो, खालून जोरात ठोकाठोक झाली की तोही उडतो, आणि त्याचं बटण नुसतं दाबलं की काम होतं. आपल्या गाडीत तो आहे का, हे गाडीच्या पुस्तकात बघून ठेवा.

हे सगळं पेट्रोल गाडीबद्दल झालं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर आणि त्याचे दाबाचे सेन्सर असतात. तिथे बाहेर काही कापून घेऊच नका.

दुपारी ताईने सेव-उसळ पुढे ठेवली तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, मग आता सगळं ठीक ना?"

ठीक नव्हतं. लहान पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेकदा मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. मॅनिफोल्ड बदलला म्हणजे तोही गेला. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो, म्हणून जुन्या कन्व्हर्टरला भंगारात चांगले पैसे येतात आणि म्हणूनच तो मालकाला कोणी आपण होऊन परत देत नाही. मी त्याला मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ समजावलं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करायची मुभा मालकाला नाही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कारेलीबागेत समोरच्या घरात दम्याचं मूल आहे, हेही मी त्याला सांगितलं, आणि त्यावर तो जास्त वेळ गप्प राहिला.

सोमवारी तो कामावरून परस्पर त्या वर्कशॉपमध्ये गेला. जुना मॅनिफोल्ड मागच्या ढिगाऱ्यात अजून होता. गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. मी तो हातात धरून हलवला, आत काही खडखडलं नाही, आणि टॉर्च लावून पाहिलं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी अखंड होती. नवं गॅस्केट आणि चार स्टड आणायचे आहेत. येत्या रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, आम्ही दोघं तो परत बसवणार आहोत आणि सेन्सर त्याच्या मूळ जागी, वरच्या बाजूला जाईल.